खड्याला मोड येत नाहीत

वारजे, पुणे
ता. ६ जानेवारी २०११

प्रिय विहीणबाई मालनबाई यांना कांताबाईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. आम्ही इकडे खुशाल आहोत आणि आता आम्ही चार झालो. तुमच्या कोंडीरामनं फोन ऐकून तुम्हाला सांगितलंच असेल की सोमवारी सकाळी दीपालीला मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो, दोघी बऱ्या आहेत. पण एवढ्यानं कुणाचं पोट भरतं का? म्हणून आंतरदेशीय पत्र घेऊन बसले. मी प्रौढवर्गात शिकलेली, माझं अक्षर म्हणजे पावसात भिजलेली चिमणी. तुम्ही चौथी पास, तुम्हीच सांभाळून वाचा.

मुलगी रंगानं आमच्या चेतनवर गेली आहे आणि नाकानं तुमच्यावर. नाकाबद्दल मी काही बोलत नाही. केस इतके दाट की नर्सबाई म्हणाल्या, ही पोटातूनच वेणी घालून यायची होती. रडते मात्र हळू, शेजारच्या खाटेवरच्या बाळासारखी दवाखाना डोक्यावर घेत नाही.

मालनबाई, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तुमचा तो हक्क होता. पण गोळ्या इथल्या सरकारी दवाखान्यातून, नाव इथे घातलेलं, आणि वर तुमचा पाय प्लास्टरमध्ये. मी तुमची जागा चालवते आहे, गोड मानून घ्या. सहाव्या महिन्यात दीपालीच्या रक्तात ते निघालं, मग चेतनच्याही निघालं, तेव्हा तुम्ही आला होतात. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून विचारलंत, पिठाचा डबा कुठे आहे. त्या दिवशी तुम्ही केलेल्या भाकरी मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या मुलाकडून तुमच्या मुलीला दुखणं लागलं, आणि तुम्ही माझ्या ताटात भाकरी वाढलीत.

त्या दुखण्याचं नाव फोनवर काढता येत नाही. कोंडीराम बोलतो तेव्हा मूर्तिजापूरचं स्टेशन ऐकतं, आणि आमच्या भिंती पत्र्याच्या. तुम्ही, मी, चेतन, दीपाली, एवढ्या चौघांनाच माहीत. पत्र बरं. मी भाताची शितं लावून असं चिकटवते की पोस्टमननं वाफेवर धरलं तरी सुटायचं नाही. एचआयव्ही ही अक्षरं मी आज पहिल्यांदा माझ्या हातानं लिहिली. लिहिली तर लिहिली, काही झालं नाही.

बाळाला आहे की नाही ते सहा आठवड्यांनी तपासतात. तोवर रोज एका औषधाचे थेंब द्यायचे. दीपाली म्हणते कागद येईपर्यंत नाव ठेवायचं नाही. मी छकुली म्हणते.

तुम्ही पाठवलेली बाळगुटीची पुरचुंडी आणि सहाण मिळाली. सहाण छान गुळगुळीत आहे, दीपालीच्या वेळची का?

पायाला जपा. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

आपली विहीण
कांताबाई

*

मूर्तिजापूर
ता. १५ जानेवारी २०११

इहीणबाई कांताबाईंना मालनबाईचा जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं. शितं इतकी लावली होती की उघडताना अर्धं पत्र फाटलं, आणि फाटलं ते नेमकं माझ्या नाकावर. पुढल्या वेळी कमी लावा. इथला पोस्टमन म्हातारा आहे, त्याला स्वतःचंच पत्र वाचता येत नाही.

माझ्या नाकाबद्दल बोलत नाही म्हणता आणि बोलता. असो. नाक मोठं असलं की श्वास मोकळा राहते.

सहाण दीपालीचीच. तिच्या आधी कोंडीरामची. मायफळ, वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम, सगळ्यांचे दोन-दोन वेढे, वेखंडाचा एकच. माझी दोन्ही लेकरं त्याच गुटीवर वाढली. मी यायला हवी होती, पण हा पाय. निदान सहाण तरी माझ्याऐवजी तिथे आहे.

भाकरीचं काय घेऊन बसल्या, बाप्पा. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली होती. तुमच्या हातच्या भाकरी जाड होतात, म्हणून मी केल्या.

कागद कधी येईल ते कळवा. झोप येत नाही, पायामुळे, असं सुनेला सांगते.

लेकराला माझा मुका. तुमच्यावरचा राग नाही, असता तर पत्राला उत्तर दिलं नसतं.

मालनबाई

*

वारजे, पुणे
ता. १८ फेब्रुवारी २०११

प्रिय विहीणबाई यांना कांताबाईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. शितं कमी लावली आहेत. तुमचा पाय आता टेकत असेल. आमच्या मेसमधल्या मुली विचारतात, कांतामावशी कधी येणार, नवीन बाईची आमटी पाणचट. हिंजवडीच्या त्या वसतिगृहात मी अकरा वर्षं चाळीस मुलींचा स्वयंपाक केला, कुणी आमटीचं नाव काढलं नव्हतं. आता सुट्टीवर आहे तर आठवण येते. मुली सगळ्या कॉम्प्युटरवाल्या, बोट दाबलं की जगातलं काहीही सांगतात. मला एक गोष्ट विचारायची होती, पण कशी विचारणार.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. तिथे समजावून सांगायला सुहासिनी मॅडम आहेत. वयानं दीपालीएवढ्या, पण आवाज असा की आपण चुलीपाशी बसलोय असं वाटावं. त्यांनी छकुलीची टाच कोमट कापडानं शेकली, बारीक टोचलं, आणि एका जाड कागदावर पाच गोल छापलेले होते त्यांत एकेक थेंब भरला. बस्स. बाटली नाही, सुई खुपसणं नाही. कागद वाळवला आणि पाकिटात घालून भोसरीकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. मी म्हटलं, एवढ्याशा वाळल्या डागातून काय कळणार? त्या म्हणाल्या, आजी, त्या तपासणीला पीसीआर म्हणतात. थेंबात जंतूच्या बीजाचा एक कण जरी असला तरी यंत्र त्याचे दोन करतं, दोनाचे चार, चाराचे आठ, असे करत इतके करतं की तो लपू शकत नाही. आणि नसलाच तर? तर वाढवायला काहीच नाही.

मी म्हटलं, म्हणजे मटकी भिजत घातल्यासारखं. मटकी असेल तर मोड येऊन फडकं भरून जाईल. नुसते खडे असतील तर आठ दिवस बांधून ठेवा, खड्याला मोड येत नाहीत. सुहासिनी मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हे मी उद्यापासून सगळ्यांना सांगणार. मालनबाई, मी तिथे बसून मनात म्हणत होते, आमची छकुली खडा निघू दे. कुठल्या आजीनं नातीबद्दल असं मागितलं असेल?

आता पुढचं लिहिते. निघताना मॅडम म्हणाल्या, सहा महिने आईचं दूध आणि दवाखान्याचं औषध, एवढंच. वरचं दूध नको, पाणी नको, मध नको, गुटी नको. बाळाची आतडी कोवळी असतात, वरचं काही गेलं की ती दुखावतात, आणि मग आईच्या दुधातून जंतू आत शिरायला वाट मिळते. हे त्या तीनदा म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून. हेच त्या दीपालीला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. मी बाहेर बाकावर, पिशव्या सांभाळत.

मी दहाव्या दिवसापासून गुटी देत होते. दीपाली आंघोळीला गेली की सहाण काढायची, वेढे घालायचे, बोटानं चाटवायची. ती म्हणायची डॉक्टरांना विचारू, मी म्हणायचे विचारायचं काय त्यात. तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. दीपालीला सांगायला तोंड उघडत नाही.

सहाण पेटीच्या तळाशी ठेवली आहे. माझ्यावर लोभ राहील का, ते पुढच्या पत्रात कळेल.

कांताबाई

*

वारजे, पुणे
ता. २६ फेब्रुवारी २०११

मालनबाईंना जयभीम.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते. माझ्या हातून आणखी एक झालं.

मोठा कागद यायला महिना लागेल म्हणाले. मला महिना निघेना. छकुली शिंकली तरी वाटायचं, ही माझी गुटी. काल दीपाली तिच्या गोळ्या आणायला गेली, चेतन कंपनीची बस घेऊन हिंजवडीला, आणि मी छकुलीला पदराखाली घेऊन चौकातल्या एका खाजगी लॅबमध्ये गेले. म्हटलं एचआयव्ही तपासा. त्या बाईनं वर बघितलं नाही. नाव विचारलं. नाव कुठे होतं? तिनं बेबी असं लिहिलं. तासाभरात कागद दिला.

पॉझिटिव्ह. हा शब्द मला वाचता येतो. दीपालीच्या कागदावर शिकले.

कागद पोलक्यात आहे. कुणाला सांगितलं नाही. चेतन कामावरून येतो, तीनदा हात धुतो आणि मगच लेकीला घेतो, मुका घेत नाही. त्याला वाटतं आपण तिला हात लावला तरी काही होईल. त्याला काय सांगू?

कांताबाई

*

मूर्तिजापूर
ता. ४ मार्च २०११

कांताबाईंना मालनबाईचा जयभीम.

दोन्ही पत्रं एका दिवशी मिळाली. म्हशीच्या गोठ्यात बसून वाचली, तिथे कोणी येत नाही.

आधी गुटीचं. गुटी कोणी पाठवली? मी. वेढे कोणी सांगितले? मी. तुम्ही एकट्या सगळं पाप बोचक्यात बांधून निघाल्या, माझा वाटा कुठे ठेवला? मी चौथी पास, तुम्ही प्रौढवर्ग, आणि दोघींनी मिळून एका अर्ध्या वितीच्या लेकराबद्दल आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळते असं ठरवलं. इतकं बोलून मी माझा राग संपवला. माझ्यावरचा.

आता सांगते ते करा.

एक तर, तो कागद पोलक्यात ठेवू नका. घामानं भिजेल. सुहासिनी मॅडमच्या हातात द्या आणि सगळं सांगा, लॅबचं, गुटीचं, सगळं. तुम्हीच लिहिलं ना की भोसरीला थेंब भिजत घातला आहे? मग मोड यायच्या आधी फडकं सोडून पाहता कशाला?

आणि त्या लॅबवाल्या बाईनं बेबी लिहिलं. बेबी कोण? रस्त्यावरची का? बिननावाच्या लेकराचा कागद मी मानत नाही. नाव ठेवायला कागदाची वाट पाहायची नाही, दीपालीला माझा निरोप सांगा. ती पॉझिटिव्ह असली तरी आपलीच आहे आणि निगेटिव्ह असली तरी आपलीच. येत्या रविवारी भंतेजींना बोलवा, त्रिशरण-पंचशील म्हणा आणि नाव ठेवा. प्रियदर्शनी. माझ्या मनात हे नाव दीपालीच्या जन्मापासून होतं, तेव्हा सासूनं ठेवू दिलं नाही. तुम्ही सासू असून ठेवा, म्हणजे मला सासू लोकांबद्दल बरं वाटेल.

चेतनला म्हणा, हात एकदा धुतले तरी पुरतात. साबण संपेल.

लोभ होता, आहे. गुटीनं पातळ होत नाही.

मालनबाई

*

वारजे, पुणे
ता. २३ मार्च २०११

प्रिय मालनबाई यांना कांताबाईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. हे पत्र बसून लिहीत नाही, मध्येमध्ये उठते, पुन्हा बसते. सगळं क्रमानं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून कळ काढा.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी सुहासिनी मॅडमकडे गेले. दीपालीला म्हटलं तूही चल. दोघींसमोर एकदाच बोलावं, दुसऱ्यांदा धीर झाला नसता. पोलक्यातला कागद टेबलावर ठेवला आणि बोलले. रडले नाही. रडले असते तर बोलणं राहून गेलं असतं.

मॅडमनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, आजी, ही तपासणी मोठ्या माणसांची. ही जंतू शोधतच नाही. शरीर जंतूविरुद्ध जे पहारेकरी उभे करतं, ते ही शोधते. पोटात असताना आई आपले पहारेकरी बाळाबरोबर देते, या दुखण्याचेही आणि दुसऱ्या शंभर दुखण्यांचेही. पहारेकरी दिसले म्हणून घरात चोर आहे असं नाही, ते आईच्या घरून आलेत. दीड वर्षापर्यंत ते राहू शकतात. म्हणून तर एवढ्या लहान बाळांसाठी ती दुसरी तपासणी, पहारेकऱ्यांना न विचारता थेट चोराचं बीज शोधणारी. मी विचारलं, म्हणजे हा कागद खोटा? त्या म्हणाल्या, खोटा नाही. तो दीपालीबद्दल बोलतोय, तुम्ही तो बाळाबद्दल वाचलात.

मग गुटीचं सांगितलं. मी दीपालीकडे बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. तर दीपाली म्हणाली, मला माहीत होतं. छकुलीच्या तोंडाला वेखंडाचा वास यायचा. आईची गुटी, तो वास मी विसरेन का? तिनंच आदल्या दिवशी मॅडमना गुपचूप सांगितलं होतं. म्हणून त्या तीनदा माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी दीपालीला विचारलं, मग माझ्याशी भांडली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही माझी गोळी चुकू नये म्हणून रोज रात्री नऊला मोबाईलचा गजर लावता, स्वतःला झोपेत ऐकू येत नाही तरी उशाशी घेऊन झोपता. तुमच्याशी कुठल्या तोंडानं भांडू?

तुमची मुलगी तुमच्यावर गेली आहे. नाकानं नाही, पण गेली आहे.

तेरा तारखेला रविवारी नाव ठेवलं. भंतेजी आले, आमच्या गल्लीतल्या बायका आल्या, मी मेसच्या मापानं खीर केली आणि ती उरली. प्रियदर्शनी. चेतननं नाव कानात सांगायला तिला घेतलं, आणि सांगता सांगता गालाला गाल लागला. तो दचकला. मग मॅडम म्हणाल्या होत्या ते मी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं नाही, नुसतं खुणेनं सांगितलं, की मुक्यानं काही होत नाही. त्यानं मुका घेतला. मग खिरीच्या पातेल्यामागे जाऊन बराच वेळ पातेलं घासत उभा राहिला. पातेल्यात खीर होती.

आणि आता, काल. काल भोसरीचा कागद आला.

मॅडमनी वाचून दाखवला. जंतूचं बीज सापडलं नाही. मी म्हटलं पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचला. मी म्हटलं कागदावर नाव काय आहे, तर त्यांनी पेनानं बेबी खोडून प्रियदर्शनी लिहिलं आणि बाजूला सही केली. दीपाली खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली, मालनबाई. खरंच झोपली. सहा महिन्यांची झोप होती ती. मॅडमनी दिवा मालवला आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून राहिलो.

अजून सगळं संपलं नाही, हे मला सांगितलं आहे आणि मी तुम्हाला सांगते. दूध चालू आहे तोवर धोका पुरता जात नाही. दूध सुटल्यावर पुन्हा तपासतील आणि दीड वर्षाची झाली की शेवटचं. पण आता मला थांबता येतं.

ज्यांनी ती तपासणी शोधून काढली त्यांची नावं मला माहीत नाहीत. भोसरीत तो डाग ज्या कुणी यंत्रात घातला, त्यांनी प्रियदर्शनीला बघितलेलंही नाही. ते जेवले असतील का वेळेवर? मी मेसवाली, मला तेच सुचतं. त्या सगळ्यांचं भलं होवो. आणि तुमचंही, ज्यांनी गोठ्यात बसून मला ओरडा दिला.

लोभ तर तुम्ही मोजून पाठवत नाही, म्हणून मागत नाही.

कांताबाई

*

मूर्तिजापूर
ता. २ एप्रिल २०११

कांताबाईंना जयभीम.

पत्र सुनेच्या समोरच वाचलं. ती म्हणाली, काय झालं, का रडता. म्हटलं, पुण्याच्या इहीणबाईंचं अक्षर फार वाईट आहे.

चौदा एप्रिलच्या आत येते. पाय चालते. भाकरी मी करीन.

मालनबाई

*

वारजे, पुणे
ता. १८ जुलै २०१२

प्रिय मालनबाई यांना कांताबाईचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुम्ही गेल्यापासून घरात नाक खुपसायला कुणी नाही, करमत नाही. मी मेसवर परत जाते आहे. मुली बदलल्या, नवीन आल्या, आमटी तीच. चेतनची बस आता वाकडच्या पुलापाशी तास-तास उभी असते, तो म्हणतो चालत गेलो तर लवकर पोचेन, पण मग बस कोण नेणार. दीपालीचं वजन वाढलं, साडीची पोलकी उसवावी लागली, मी आनंदानं उसवली.

वर्षाची झाल्यावर दूध सोडलं, मग सहा आठवड्यांनी भोसरीची तपासणी पुन्हा झाली आणि पुन्हा काही सापडलं नाही, ते तुम्ही या खेपेला इथे असतानाच ऐकलंत. सोमवारी शेवटची होती. आणि मालनबाई, ही कुठली होती माहीत आहे? चौकातल्या लॅबनं केली होती तीच, पहारेकरी शोधणारी. मॅडम म्हणाल्या, आता ती बाळाबद्दल बोलेल.

निगेटिव्ह. हाही शब्द मला वाचता येतो. कागद माझ्याच हातात दिला होता, मीच वाचला, मोठ्यानं. दीपालीचे पहारेकरी गेले. दीड वर्ष राहिले आणि काही चोरीला गेलं नाही हे बघून निघून गेले. सुहासिनी मॅडमना मी डब्यातून पुरणपोळी दिली. त्या म्हणाल्या, आजी, खड्याचं मी आजवर कितीतरी आयांना सांगितलं.

सहाण पेटीतून काढली. प्रियदर्शनी तिच्यावर खडूनं रेघोट्या ओढते.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. काल मटकीची उसळ केली होती. तुम्हाला माहीत आहे, अकरा वर्षं आणि वर दीड, माझ्या हातच्या उसळीत कुणाला खडा लागला नाही. काल प्रियदर्शनी जेवता जेवता थांबली, तोंडात बोट घातलं आणि एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. रागानं बघत होती, अगदी तुमच्यासारखी. एक रात्र मटकीबरोबर भिजला, एक दिवस फडक्यात बांधलेला राहिला, वर शिजला. मी उजेडात धरून बघितला. जसा होता तसाच होता.

पाकिटात घालून पाठवते आहे. म्हणून या वेळी शितं जरा जास्त लावली आहेत, रागवू नका.

तुमचीच
कांताबाई